कोल्हापूर की धारवाड? आधी लॅब बघा!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बारावी सायन्सच्या पोरांनी मॉलिक्युलर बायोलॉजी शिकायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, कोल्हापूर की धारवाड? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. तीन-चार वर्षांत माझ्या हातात मायक्रोपिपेट किती वेळा येणार?

कारण हा विषय नुसता वाचून येत नाही. डीएनए वेगळा काढणं, पीसीआर लावणं, जेलवरचे पट्टे वाचणं, हे स्वतःच्या हातानं करावं लागतं. सर एकटेच करून दाखवतात आणि वीस मुलं भोवती उभी, अशा ठिकाणी डिग्री मिळते, विषय मिळत नाही. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन या. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा, पीसीआर मशीन चालू आहे का? प्रोजेक्ट स्वतः करता, की जुनाच उतरवून देता?

नावावरही जाऊ नका. आपल्याकडे डिग्रीला 'मॉलिक्युलर बायोलॉजी' हे नाव क्वचितच असतं. बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्समध्ये तो विषय असतो. अभ्यासक्रम उघडून बघा. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत पदवीपासूनच संशोधनावर भर असतो. त्यासाठी आयसरची वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तयारी लवकर सुरू करा.

काही जण म्हणतात, मराठी पोरानं धारवाड-बंगळूरला शिकणं म्हणजे लढ्याला पाठ दाखवणं. मला हे अजिबात पटत नाही. आपला लढा भाषेच्या हक्काचा आहे, कुठल्या शहरातल्या शिक्षणाविरुद्ध नाही. चांगली लॅब धारवाडला असेल तर खुशाल धारवाडला जा.

पण मिळालेला हक्क वापरायचाच नाही, हेही चुकीचं. वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात 'टाइप ई' उमेदवारी आहे. बी.टेक. बायोटेक्नॉलॉजीचा प्रवेश त्यातूनच होतो. एमएचटी-सीईटी द्यायची आणि सीमाभागाचा व मातृभाषेचा दाखला जोडायचा. साध्या बी.एस्सी.ला हा मार्ग नाही, तिथली चौकशी त्या-त्या विद्यापीठात करा.

आपल्यातल्या कित्येकांना ही सोय ऐकूनही माहीत नसते. दाखल्यांसाठी निकालाची वाट बघत बसू नका, धावपळ आत्ताच सुरू करा. आणि ही माहिती गावातल्या बारावीच्या प्रत्येक पोरापर्यंत पोचवा.