मोडीत निघालेल्या नौका : जबाबदारी कुणाची?

जुलै २०११ च्या अखेरीस ‘एम. व्ही. पवित’ हे मालवाहू जहाज मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर येऊन रुतले. खलाशांनी ते महिनाभरापूर्वी ओमाननजीकच्या समुद्रात सोडून दिले होते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात ‘एम. व्ही. विज्डम’ हे जहाज मोडण्यासाठी गुजरातेतील अलंग येथे ओढून नेले जात असता दोर तुटून जुहूलाच लागले होते. त्या वेळी सागरी सुरक्षेची चर्चा पुष्कळ झाली. मात्र आयुष्य संपलेल्या नौकेचे उत्तरदायित्व कुणाचे, हा मूळ प्रश्न मागेच राहिला.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी मिळाले आहे. भारताने २०१९ साली जहाज पुनर्चक्रणाचा कायदा केला. सुरक्षित जहाजतोडणीविषयीचा हाँगकाँग येथील आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ पासून अमलात आला. शिवाय जहाजाच्या पोलादाला भाव असतो. म्हणूनच अलंगचा व्यवसाय उभा राहिला. परंतु हा करार ५०० टनांहून लहान नौकांना लागू होत नाही. आपल्या कोळी बांधवांच्या होड्या साहजिकच त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

पूर्वी ही उणीव जाणवत नसे. लाकडी होडी मोडली, तर फळ्या कामी येत, खिळे भंगारात जात आणि उरलेले लाकूड चुलीत जळे. आता फायबरच्या होड्या आल्या. त्या हलक्या व टिकाऊ आहेत, त्यांची डागडुजीही कमी. कोळ्याने त्या स्वीकारल्या यात त्याचा दोष नाही. तथापि काचतंतू आणि राळ यांचे हे मिश्रण पुन्हा वितळवता येत नाही. जाळले तर विषारी धूर निघतो. खाडीत टाकून दिले तर त्याचा भुगा होऊन तो पाण्यात आणि गाळात मिसळतो. ज्या खाडीवर मासेमारी अवलंबून, तीच त्यामुळे नासते.

फ्रान्समध्ये २०१९ पासून सहलीच्या व क्रीडेच्या नौकांसाठी एक व्यवस्था आहे. नौका बाजारात आणणारे उत्पादक व आयातदार सुरुवातीलाच ठराविक रक्कम भरतात आणि त्या निधीतून जुन्या नौका मोडल्या जातात. मालकाला केवळ नौका केंद्रापर्यंत नेण्याचा खर्च सोसावा लागतो. तेथील नौका हौसेच्या, आपल्या पोटापाण्याच्या. म्हणून ती योजना जशीच्या तशी येथे चालणार नाही. पण तिच्यातील न्याय ध्यानात घेण्याजोगा आहे : भार शेवटच्या मालकावर टाकू नये. आपल्याकडे जुनी होडी हातोहात विकली जाते आणि अखेरीस ती सर्वांत गरीब कोळ्याच्या दारात येऊन संपते. दंडाची तरतूद केली, तर तो रात्री होडी खाडीत ढकलून मोकळा होईल.

म्हणून बांधणीच्या वेळीच निधी घेणे, मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत बंदरावर जुन्या होड्या गोळा करणे आणि नोंदणी रद्द करताना होडीचे काय झाले याची विचारणा करणे, हे मार्ग शासनाने पडताळून पाहावेत. वाचकहो, नवी होडी पाण्यात लोटताना आपण धर्मगुरूंना आशीर्वादासाठी बोलावतो, सारा पाडा जमतो. तिच्या अखेरच्या दिवसाची तजवीजही त्याच जमावाने मिळून करावयास हवी.