घाव दिसतो, छळ दिसत नाही

नवऱ्याने बायकोला मारले तर ते घरचे भांडण. बायकोने नवऱ्यावर हात उचलला की त्याची बातमी होते. नांदुऱ्याच्या चौकापासून मुंबईच्या वाहिन्यांपर्यंत हाच न्याय चालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) विवाहितांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचे सांगितले. नवरा मारत नसताना आपण होऊन त्याला मारल्याचे सांगणाऱ्या साधारण 4 टक्के. छळ सोसणारे पुरुषही आहेत आणि त्यांनाही दाद मिळाली पाहिजे. पण म्हणून ‘दोघेही सारखेच’ असे सांगत हात झटकणे म्हणजे निष्पक्षपणा नव्हे.

आसामातील एका स्त्रीने, नवरा ज्या लाकडाने मारत होता तेच हिसकावून त्याला मारले, त्यात तो दगावला. खालच्या न्यायालयाने तिला खुनी ठरवले. गुवाहाटी उच्च न्यायालयाने 2013 मध्ये तिचा रोजचा छळ विचारात घेऊन गुन्हा सौम्य केला. अशी दृष्टी मात्र न्यायाधीशागणिक बदलते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मधला, खुनाचा गुन्हा सौम्य करणारा प्रक्षोभाचा अपवाद आजही ‘गंभीर आणि आकस्मिक’ प्रक्षोभच मोजतो. वर्षानुवर्षे साचलेली भीती त्यात बसवताना वकिलांची दमछाक होते. वर्षानुवर्षे छळ सोसून नवऱ्याचा जीव घेणाऱ्या किरणजित अहलुवालिया यांच्या खटल्याने इंग्लंडमध्ये हाच प्रश्न ऐरणीवर आणला. तिथल्या 2009 च्या कायद्याने आकस्मिकतेची अट काढून टाकली.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. सुरतेतील एका विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल 1881 मध्ये फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांनी त्यावरून समस्त बायकांना झोडपले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांनाही जाब विचारला.

खुनाला माफी द्या, असे आमचे म्हणणे नाही. जखम कोणाला झाली, एवढ्यावर तपास थांबू नये. आधी मार कोण खात होते, घरात कोण कोणाला भिऊन राहत होते, दवाखान्यात आणि ठाण्यात जुन्या नोंदी काय आहेत, हे तपासी अंमलदाराने कागदावर आणावे. स्वसंरक्षणात उचललेला हात आणि धाक बसवण्यासाठी उचललेला हात त्यातूनच वेगळे ओळखू येतील. आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत स्त्रीला तिच्या पहिल्याच तक्रारीच्या वेळी पोहोचवावे. तडजोड करून तिला त्याच घरात परत पाठवणाऱ्यांनी पुढच्या रक्तपाताचे खापर तिच्या एकटीच्या माथी फोडू नये.