शांततेचा बॅले आणि दोन पियानो

जर्मन नृत्यरचनाकार कुर्ट योसच्या ‘द ग्रीन टेबल’ या बॅलेचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, वाद्यवृंद परवडला नसेल म्हणून पियानोवर भागवलं. पाठोपाठ दुसरा आक्षेप येतो: जागतिक शांततेची कळकळ सांगणाऱ्या बॅलेला इतकं कोरडं, टणक संगीत शोभतं का? दोन्ही आक्षेप मला साफ नामंजूर आहेत.

पैशाची चणचण असेलही. नृत्यसंस्थांकडे पैसा कधी उतू जात होता? पण एखादी गोष्ट अडचणीतून सुचली म्हणून ती तडजोड ठरत नाही. संगीतकार फ्रिट्झ कोहेननं हे संगीत योसच्या जोडीनं, नाच बसत असतानाच दोन पियानोंसाठी रचलं. पियानोत हातोडी तारेवर आदळते आणि सूर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. व्हायोलिनसारखा तो फुगवता येत नाही. सैनिक घरच्यांचा निरोप घेतात त्या प्रवेशात व्हायोलिनचा ताफा असता, तर प्रेक्षक दोन अश्रू ढाळून मोकळा झाला असता. पियानो ती सोय ठेवत नाही.

पहिलाच प्रवेश पाहा. हिरव्या टेबलाभोवती काळ्या कपड्यातले, मुखवटे घातलेले दहा मुत्सद्दी. बोटं नाचवतात, अदबीनं झुकतात, टाळ्या वाजवतात, आणि खाली चालू असतो ठुमकता टँगो. मग पिस्तुलं निघतात, बार उडतो आणि रंगमंचावर मृत्यू येतो, टाचा आपटत. पियानोच्या खर्जातला ठेका आणि त्याची टाच एकच होऊन जातात. आठव्या प्रवेशात पुन्हा तेच लोक, तेच टेबल, तोच टँगो. मधल्या एवढ्या मरणांनी त्या टँगोत काहीही बदललेलं नसतं. या बॅलेचा सगळा आरोप त्या पुनरावृत्तीत आहे, आणि तो कोहेननं केलेला आहे.

‘नाचाशिवाय हे संगीत उभं राहत नाही’ असंही म्हणतात. लावणीतल्या ढोलकीला हा प्रश्न आपण विचारतो का?

राहिला शोभण्याचा मुद्दा. शांततेसाठी गोड, मऊ सूरच हवेत, हा समज मला घातक वाटतो. फेब्रुवारी १९३२ मध्ये जिनिव्हात नि:शस्त्रीकरण परिषद भरली. गोड बोलणं तिथे भरपूर झालं. त्याच वर्षी ३ जुलैला पॅरिसच्या नृत्यरचना स्पर्धेत हा बॅले सादर झाला आणि पहिला आला. ऑक्टोबर १९३३ मध्ये हिटलरनं जर्मनीला त्या परिषदेतून बाहेर काढलं. टेबलाचं सोंग कोणी नेमकं ओळखलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

कोहेन ज्यू होता. त्याला काढून टाका, असा नाझींचा दबाव आला तेव्हा योसनं नकार दिला आणि १९३३ मध्ये आपल्या मंडळींसह जर्मनी सोडली. ज्या संगीतकारासाठी योसनं देश सोडला, त्याला आपण ‘साथीचा पियानोवाला’ म्हणून बाजूला सारू नये. ‘द ग्रीन टेबल’बद्दल लिहिताना कोहेनचं नाव योसच्या शेजारी, त्याच ओळीत लिहा.