हरल्याची थाप

ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणजे ‘जमिनीवर लोळणे’, हा शेरा श्रीरामपुरातील आमच्या प्राध्यापक-कक्षात हमखास ऐकू येतो. आम्हांस तो मान्य नाही.

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. पण तो सांगतो पंच. २ फेब्रुवारी २०२५ रोजी आमच्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरला, महाराष्ट्र केसरीच्या लढतीत पाठ टेकली की नाही यावर वाद पेटला. शिवराज राक्षे यांनी पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांचे निलंबन ओढवून घेतले.

१९१४ साली ब्राझीलला पोचलेल्या जपानी मित्सुयो माएदाकडून ग्रेसी घराण्यात गेलेल्या या विद्येत पाठ टेकल्यावरही झुंज चालूच राहते. गुणांवर निकाल तेथेही लागतात. पण सांधा वा गळा पकडीत सापडला, की हरणारा स्वतःच थाप मारतो आणि पकड सुटते. मराठीत थाप मारणे म्हणजे खोटे बोलणे. तेथे मात्र तिच्याइतके खरे काही नाही.

समीक्षेत ‘चितपट’, ‘डावपेच’ हे शब्द आपण सर्रास वापरतो. चर्चासत्रात मात्र निरुत्तर झाल्यावरही कोणी थाप मारीत नाही, आम्हीही नाही. विद्यार्थ्यांना मुद्दा मांडायला आपण शिकवतो. तो खोडला गेल्याचे कबूल करायला कधी शिकवणार?