काचेच्या बरणीतलं जंगल : घनसावंगीत नेचे वाढवायचे तर

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, जलचक्राची आकृती आपली मुलं डोळे मिटून काढतात. समुद्र, ढग, डोंगर, बाण. पण बाष्पीभवन झालेलं पाणी परत खाली येताना किती जणांनी पाहिलंय? झाकण लावलेल्या काचेच्या बरणीत ओली माती आणि एक छोटं नेचं (फर्न) ठेवा. सकाळी आतून काचेवर थेंब दिसतील, ते ओघळून मातीत जातील. महिनोन्महिने पाणी घालावं लागत नाही. यालाच टेरॅरियम म्हणतात.

ही गोष्ट सापडली योगायोगानेच. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी 1829 मध्ये पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बाटली बंद करून ठेवली होती. पतंगाचं राहिलं बाजूला, मातीतून नेचं उगवलं! बागेत लंडनच्या धुराने मरणारी नेची बंद बाटलीत मात्र जगत होती. पुढे अशाच काचपेट्यांतून चीनमधली चहाची रोपं भारतात आली.

आता माझं स्पष्ट मत. ऑनलाइन मिळणारं महागडं टेरॅरियम प्रकल्पासाठी मागवू नका. आणि सहलीला आंबोली-महाबळेश्वरला गेलात तर तिथली नेची उपटून तर मुळीच आणू नका. तिथल्या ढगाळ जंगलातल्या काही नेच्यांचं पान पेशींच्या एकाच थराचं असतं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. त्यांना ओलावा लागतो तसा गारवाही लागतो. बरणी ओलावा धरून ठेवते, उष्णता नाही थांबवत. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हातली बंद बरणी म्हणजे भट्टीच की! आठवड्यात सगळं काळं पडतं आणि मूल म्हणतं, "सर, आपल्याकडे हे होतच नाही."

होतं की. मराठवाडा कोरडा खरा, पण जुन्या दगडी विहिरीच्या सांदीत पाहा. काळ्या, तारेसारख्या देठांचा हंसराज लोंबताना दिसेल. तोही नेचाच. मुलांना विहिरीत डोकावायला पाठवू नका; मोठ्या माणसाने एकच पिकलेलं पान आणावं. हंसराजाच्या पानाची कड खालून दुमडलेली असते, तिथे तपकिरी बीजाणू असतात. पान कागदाच्या घडीत दोन दिवस ठेवलं की बारीक धूळ पडते.

विटेचा तुकडा घ्या, त्यावर उकळतं पाणी ओता (नाहीतर बुरशीच आधी येते). थंड झाल्यावर बरणीत बोटभर पाण्यात ठेवा, वर ती धूळ भुरभुरा, झाकण लावा. जागा उजेडाची हवी, उन्हाची नको. वर्गात माठाशेजारचा कोपरा उत्तम. उन्हाळ्यात बरणी ओल्या वाळूत ठेवा.

काही आठवड्यांनी विटेवर हिरवट थर येतो. भिंगातून पाहिलं तर हृदयाच्या आकाराचे चिमुकले तुकडे. हे अजून नेचं नाही बरं! यांच्यावर फलन होतं आणि त्यातून खरं पान वर येतं. त्याला काही महिने लागतात. नववीत टेरिडोफायटा शिकवताना आपण "बिया नसतात, बीजाणू असतात" एवढ्यावर उरकतो. इथे ते सगळं मुलाच्या नजरेसमोर घडतं.

पालकांना एकच विनंती. बरणी तुम्ही भरू नका. मूल रोज झाकण उघडून बघेल, एखादी बरणी बुरशीने जाईलही. जाऊ द्या. जूनमध्ये शाळा उघडताच सुरू केलं तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दुसरी बरणी लावायला भरपूर वेळ आहे.