काळ्या कोंबडीचे कुळ

झाबुआच्या भिल्ल-भिलालांनी परसात जतन केलेल्या कडकनाथ कोंबडीच्या मांसास २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले. आपल्या बालाघाटच्या अंगणातही ती अवश्य पाळावी. परंतु केवळ रंगास भुलू नये. काळेपणाचा गुण प्रबळ असल्याने संकरित पिल्लेही बहुधा काळीच निपजतात. म्हणून कुळ शुद्ध राखावयाचे, तर गावठी कोंबडा त्या कळपात मिसळू देऊ नये; आणि रक्त एकाच घरात कोंडू नये, यास्तव वेळोवेळी दुसऱ्या शुद्ध कळपातील कोंबडा आणावा.

तथापि गावठी कोंबडीस हाकलणे हा कृतघ्नपणा होईल. कडकनाथ क्वचितच खुडूक बसते; तिची अंडी बहुधा गावठी कोंबडीच उबविते. जिला आपण सामान्य लेखतो, तिच्याच पंखांखाली कुलीनांचा वंश वाढतो, हे विसरू नये.