गुरुदक्षिणा की पोस्त?

दिवाळीची सुटी लागण्यापूर्वीच्या आठवड्यात आमच्या माध्यमिक शाळांच्या दारांशी एक निराळीच लगबग दिसू लागते. सहामाही परीक्षा नुकतीच आटोपलेली असते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासण्यासाठी शिक्षकांच्या घरी जावयाचे असतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत सुक्या मेव्याचे डबे, चांदीची निरांजने, साड्या व मोठ्या दुकानांची भेटपत्रे घेऊन नववी ते बारावीची मुले शिक्षकांच्या खोलीबाहेर उभी राहतात. एका हातात गठ्ठा आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन शिक्षक घरी जातात. या दोन ओझ्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. विचारणारा अरसिक ठरतो. तो अरसिकपणा पत्करून आम्ही आज हा प्रश्न विचारीत आहोत.

आमचे म्हणणे प्रथमच स्पष्ट सांगतो. ज्या विद्यार्थ्याचे गुण अद्याप ज्या शिक्षकाच्या हाती आहेत, त्या विद्यार्थ्याच्या घरून त्या शिक्षकाकडे सणासुदीची कोणतीही मोलाची भेट जाऊ नये. देणाऱ्याने देऊ नये, घेणाऱ्याने घेऊ नये, आणि शाळेच्या चालकांनी तिकडे डोळेझाक करू नये.

बालवर्गातील पोराने बाईंना परसातले जास्वंदीचे फूल नेऊन द्यावे, याला आमचा आक्षेप नाही. त्या फुलाने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु मोठ्या इयत्तांची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत मुख्य विषयांच्या १०० गुणांपैकी २० गुण शाळेतील अंतर्गत मूल्यमापनाचे असतात; बारावीच्या पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र या विषयांत ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. पुढील प्रवेशाच्या रांगेत जेथे अर्ध्या गुणाने मुलगा मागे पडतो, तेथे हे गुण म्हणजे क्षुल्लक बाब नव्हे. वर्तणुकीचा दाखला, स्पर्धेसाठी निवड, शिफारसपत्र, हेही सर्व त्याच हातून मिळावयाचे असते. म्हणजे मोठ्या वर्गाचा शिक्षक हा केवळ शिकविणारा नसून न्याय करणाराही असतो.

यावर पहिला आक्षेप परंपरेच्या नावाने येतो. आम्ही हिंदू, आम्ही गुरूला देव मानतो, आमच्याकडे गुरुदक्षिणेची चाल आहे, मग दिवाळीच्या डब्याने एवढे काय बिघडले, असे आमचे देवळात नित्य भेटणारे स्नेही विचारतात. त्यांना आमची विनंती एवढीच की, परंपरेचे नाव घ्यावयाचे तर ती पुरती वाचावी. मनुस्मृतीतील अनेक वचने आज आम्हांस मान्य नाहीत. परंतु तिच्या दुसऱ्या अध्यायात गुरुदक्षिणेविषयी जो दंडक आहे, तो विचार करण्याजोगा आहे. विद्या पुरी होण्यापूर्वी धर्म जाणणाऱ्या शिष्याने गुरूला काहीही देऊ नये. समावर्तनाच्या वेळी, गुरूच्या आज्ञेने, यथाशक्ति द्यावे, असा तो दंडक आहे. काय द्यावे याची यादीही तेथे आहे. तीत शेत, सोने, गाय, घोडा यांच्या पंक्तीला छत्री, जोडे, धान्य आणि भाजीपालाही आहे. मोल महत्त्वाचे नाही. वेळ मात्र ठरलेली आहे. आधी नाही, नंतर.

कालिदासाच्या रघुवंशातील कौत्साची कथा पाचव्या सर्गात येते. वरतंतु ऋषींनी त्याच्यापाशी काही मागितले नव्हते. त्याची सेवा हीच दक्षिणा त्यांनी मानली होती. शिष्याने हट्टच धरला तेव्हा रागावून त्यांनी चौदा विद्यांसाठी चौदा कोटी आणावयास सांगितले. हे सारे घडले ते विद्या संपल्यानंतर. पुढे रघुराजा कुबेराकडून आलेले सगळे सुवर्ण देऊ लागला, तर गुरूचे देणे फिटेल त्याहून अधिक घेण्यास कौत्स तयार नव्हता. देणारा अधिक देऊ पाहतो आणि घेणारा अधिक घेत नाही, हे ज्या परंपरेचे भूषण, तिचे नाव सहामाहीच्या गठ्ठ्याबरोबर जाणाऱ्या डब्याला द्यावे, हे आम्हांस सहन होत नाही. त्या डब्याला मराठीत एक जुने, प्रामाणिक नाव आहे. ते म्हणजे पोस्त.

दुसरा आक्षेप जुन्या पंतोजींच्या नावाने येतो. पडवीत किंवा देवळात भरणाऱ्या शाळेतील पंतोजींना आमचे पूर्वज सणावारी शिधा देत होतेच की! होय, देत होते. कारण तो शिधा हेच पंतोजींचे वेतन होते. त्यावर त्यांची चूल पेटत असे, आणि गावात सर्वांना ते ठाऊक असे. शिवाय पंतोजींच्या हाती कोणा मंडळाची गुणपत्रिका नव्हती. आज वेतन शासन देते किंवा संस्था देते. वेतन ठरलेले असता वरून काही पोचवावयाचे, ते कशासाठी, याचा जबाब देणाऱ्याने स्वतःच्या मनाला तरी द्यावा.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. आमचे शिक्षक असे नाहीत. डबा घेतला म्हणून ते एक गुणही वाढवावयाचे नाहीत, असे म्हटले जाते. आम्ही हे मान्य करतो. बहुसंख्य शिक्षक खरोखरच तसे नाहीत, अशी आमची श्रद्धा आहे. पण आम्ही ज्या पेशात आहोत, त्याने आम्हांस एक गोष्ट शिकविली आहे. १९२३ साली इंग्लंडमध्ये ससेक्सच्या दंडाधिकाऱ्यांपुढे मॅकार्थी नावाच्या मोटारसायकलस्वाराचा खटला चालला. निकालाचा विचार करण्यास दंडाधिकारी आत गेले, तेव्हा त्यांचा कारकूनही बरोबर गेला. आणि तो कारकून त्याच अपघाताबाबत मॅकार्थीविरुद्ध भरपाई मागणाऱ्या पक्षाच्या वकिली पेढीत भागीदार होता. आत त्याने एक शब्दही उच्चारला नाही, हे सर्वांस मान्य होते. तरीही लॉर्ड हेवर्ट यांच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्याने काय केले हा प्रश्नच नव्हता. पाहणाऱ्याला काय वाटेल, हा प्रश्न होता. न्याय होणे पुरेसे नाही, तो होताना दिसलाही पाहिजे, हे तत्त्व तेव्हापासून आमच्या न्यायालयांतही मुरले आहे. निकाल राखून ठेवलेला असता पक्षकाराने न्यायाधीशांच्या घरी मिठाई धाडली, तर आपण सगळे संतापू. मग शिक्षकाच्या घरी जाणाऱ्या डब्याकडे पाहून मागच्या बाकावरील मुलाला काय वाटत असेल?

आता कायद्याचे दोन शब्द. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकाची जी व्याख्या आहे, तीत शासकीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे नोकर येतात; परीक्षांच्या कामी सार्वजनिक अधिकारिणीने ज्यांची सेवा घेतली तेही येतात. अनुदानित शाळेचा शिक्षक, मंडळाचा परीक्षक, हे या व्याख्येबाहेर नाहीत. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. मिठाईचा प्रत्येक पुडा म्हणजे लाच, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कर्तव्यात कसूर करविण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. परंतु ज्या व्यवहाराचा हेतू काय होता हे न्यायालयात समजावून सांगण्याची पाळी येऊ शकते, तो व्यवहार सभ्य माणसाने करूच नये.

या चालीने नुकसान होते ते तिघांचे. पहिला तो विद्यार्थी, ज्याच्या घरून काही येत नाही. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते; वर्गाच्या सामुदायिक भेटीसाठी माणशी अमुक रुपयांची वर्गणी जाहीर होते, आणि भरलेल्यांची यादी पालकांच्या गटात सर्वांसमक्ष फिरते. यादीत नाव नाही म्हणजे काय, हे पंधरा वर्षांच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. ती माउली शेवटी उसने काढून पैसे भरते. भीड भिकेची बहीण म्हणतात. येथे तर भिडेपोटी दान चालले आहे. दुसरा तो विद्यार्थी, ज्याच्या हातून डबा जातो. त्याला पुढे मिळालेले गुण त्याचे स्वतःचे आहेत, ही खात्री त्याच्यापासून हिरावली जाते. आणि काम ज्याच्या हाती त्याचा हात ओला करावा, हा धडा तो शाळेतच शिकतो. पुढे सरकारी कचेरीत तो टेबलाखालून हात पुढे करील, तेव्हा आपण कलियुगाला दोष देऊ. तिसरा स्वतः शिक्षक. कोणाचाही मिंधा नसणे हे त्याचे खरे ऐश्वर्य. ते दोन किलो काजूंच्या मोलाने जावे काय?

विनाअनुदानित संस्थांतील शिक्षकांना तुटपुंजे वेतन मिळते, ही तक्रार खरी आहे. पण तिचे उत्तर पालकांच्या डब्यात नाही, संस्थाचालकांच्या तिजोरीत आहे. पुष्कळदा संस्थेचे चालक आणि देवस्थानचे महाजन एकच असतात. त्यांनी उत्सवाच्या रोषणाईचा विचार करताना याचाही करावा.

मग कृतज्ञता व्यक्त करावयाचीच नाही काय? अवश्य करावी. निकाल लागल्यावर, शाळेचा दाखला हाती आल्यावर मुलाने शिक्षकांच्या घरी जावे, पायांवर डोके ठेवावे, आणि तेव्हा श्रीफळ द्यावे वा धोतरजोडी द्यावी. कोणी बोट दाखविणार नाही. शिक्षक अजून शिकवीत असताना द्यावयाचे तर सर्वांनी मिळून शाळेला द्यावे, नाव न लावता द्यावे. १९०८ साली पणजीत स्थापन झालेल्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच ही रीत आहे: घरोघरीची मूठ मूठ तांदूळ. त्या मुठींतून कोणाची मूठ मोठी आणि कोणाची लहान, हे शिकविणाऱ्याला कळत नव्हते. तोच मार्ग आज ग्रंथालयाला, प्रयोगशाळेला, गरीब मुलाच्या परीक्षा-शुल्काला मोकळा आहे.

आमच्या देवळांत देवाला कौल लावतात. पाकळी उजवीकडून पडावी ही प्रत्येकाची आस असते. परंतु ती उजवीकडून पाडण्यासाठी पुजाऱ्याच्या हातावर आधी काही ठेवावे, असे कोणा भाविकाच्या मनात येत नाही. आले तर त्याला आपण पाखंड म्हणू. गुणपत्रिका हाही मुलाच्या परिश्रमांवर मिळालेला एक कौल आहे. शाळेच्या चालकांनी येत्या सुटीपूर्वी सूचनाफलकावर एक ओळ लिहावी: या शाळेत शिक्षकांस भेटवस्तू आणू नयेत. तेवढ्याने पुष्कळ गरीब घरांची दिवाळी हलकी होईल, आणि पुष्कळ सच्च्या शिक्षकांना नकार देण्याचा संकोच उरणार नाही.